पाच वर्षं द्या लष्कराकडे

पुण्यात कुठल्याही अमृततुल्यासमोर दहा मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. निमित्त काहीही चालतं. खड्डा, न आलेली पीएमपी, सिग्नल तोडून गेलेला पोरगा. "या देशाला लोकशाही झेपत नाही हो. पाच वर्षं द्या लष्कराकडे, बघा कसे सगळे सुतासारखे सरळ होतात." म्हणणारे साधारण साठीचे, निवृत्त, सकाळी पर्वती चढून आलेले. शहरात लष्कराचा कॅम्प आहे, सदर्न कमांड आहे, खडकवासल्याला लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए आहे, तेव्हा शिस्त लांबून बघायची सवय आहे आपल्याला. गंमत अशी की माझ्या ओळखीच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांपैकी कुणीही हे म्हणत नाही. आमच्या सोसायटीतले कर्नलसाहेब तर हात जोडतात. "आम्हाला टँकरचं टेंडर काढायला लावू नका, एवढी कृपा करा."

आमच्या वरच्या खोलीत काही वर्षांपूर्वी सुदानच्या राजधानीतला, खार्तूमचा, एक मुलगा भाड्यानं राहायचा. फार्मसीला होता. सुदानमधून पुण्यात शिकायला यायची रीत तशी जुनी. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी हेच वाक्य टाकलं, मी त्याला हिंदीत समजावून सांगितलं, तर तो खो-खो हसला. म्हणाला, "आंटी, आमच्याकडे द्यावं लागत नाही. ते येऊन घेतात. परत मागायला मात्र दर वेळी आम्हालाच रस्त्यावर उतरावं लागतं."

त्याच्या देशाची कहाणी मी तेव्हापासून वाचत गेले, आणि पहिल्याच पानावर एक ओळखीचं नाव भेटलं. सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५३ साली झाली, आणि ती घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते सुकुमार सेन. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. भारतातली पहिली निवडणूक नुकतीच पार पाडलेला हा माणूस तिथल्या निवडणुकीसाठी बोलावला गेला होता. खार्तूमच्या त्या मुलाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शाळेत मी इतिहास शिकवत होते, तरी.

१९५६ च्या १ जानेवारीला सुदान स्वतंत्र झाला आणि १९५८ च्या नोव्हेंबरात जनरल अब्बूद यांनी सत्ता घेतली. १९६४ च्या ऑक्टोबरात खार्तूम विद्यापीठात पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, देशभर संप झाला आणि अब्बूद गेले. निवडणूक झाली. १९६९ ला लष्करातलेच नुमेरी बंड करून आले. १९८५ च्या एप्रिलात पुन्हा लोक रस्त्यावर, नुमेरी गेले. १९८६ ला निवडणूक. १९८९ ला ओमर अल-बशीर. ते तीस वर्षं राहिले. २०१८ च्या डिसेंबरात अतबारा नावाच्या रेल्वेच्या गावात पावाचा भाव एकदम तिप्पट झाला म्हणून लोक बाहेर पडले, आणि २०१९ च्या एप्रिलात बशीरही गेले. म्हणजे एका देशानं तीन हुकूमशहा रस्त्यावर उतरून घालवले. जगात किती देशांना हे जमलंय? तरी २०२१ च्या ऑक्टोबरात सेनापतींनी पुन्हा सत्ता घेतली, आणि २०२३ च्या एप्रिलपासून तिथलं लष्कर आणि तिथलंच निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं आहे.

या यादीत मी एका नावाशी अडखळले. सुवार अद-दहब. १९८५ ला नुमेरींना दूर सारून सत्ता हातात घेणारे हेच जनरल. वर्षभरात निवडणूक घेऊ म्हणाले, आणि चक्क घेतली. सत्ता निवडून आलेल्यांच्या हाती दिली आणि बाजूला झाले. आपले साठीतले गृहस्थ जो जनरल मनात धरून बोलत असतात, तो हा. तो सुदानला एकदाच भेटला. पण कट्ट्यावरचं गणित मात्र असे जनरल दर वेळी भेटणार असं धरूनच मांडलेलं असतं.

"लोक अजून तयार नाहीत" हे त्याच वाक्याचं जरा शिकलेलं भावंड. परदेशी अभ्यासक म्हणतात, आपले ड्रॉइंगरूममधले म्हणतात. शिक्षण नाही, पोटाला नाही, जातपात आहे, टोळ्या आहेत. आधी विकास, मग मतदान. १९५१ साली हे सगळं आपल्यालाच लागू होतं. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार, त्यांतले जवळजवळ ८५ टक्के निरक्षर. सेन यांनी काय केलं, तर प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी दिली आणि पेटीवर चिन्ह लावलं. बैलजोडी ओळखता येते ना, मग कागद त्या पेटीत टाका. लाखो लोखंडी पेट्या लागल्या, त्यांतल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. मतदान १९५१ च्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या चिनी या गावी सुरू झालं, कारण पुढे बर्फ पडणार होतं, आणि १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. सुमारे ४५ टक्के लोकांनी मत दिलं.

एक गोष्ट मात्र सेन यांनी कडकपणे केली. सुमारे २८ लाख बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगायला नकार दिला होता. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. त्यांची नावं यादीतून गेली. तेव्हा गहजब झाला. पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींनी नाव सांगितलं असणार. नाव घेतल्याशिवाय मत नाही म्हटल्यावर करतात काय! मला हा सगळा प्रकार क्रूरही वाटतो आणि बरोबरही वाटतो, आणि त्यातलं कुठलं जास्त हे अजून ठरत नाही.

मी नोकरीत असताना निवडणुकीच्या ड्यूट्या भरपूर केल्या. शाळामास्तरणीला त्यातून सुटका नसते. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मांडवात रांग, पिशवीतल्या शंभर पाकिटांची मोजणी, रात्री बाकांवर सतरंजी. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. पक्षांचे प्रतिनिधी अर्धवट झोपेत, हातात चहाचा कागदी कप, आणि त्यांच्यासमोर किमान पन्नास मतं दाबून दाखवायची, निकाल काढायचा, जुळवायचा, मग सगळं पुसून यंत्र कोरं करायचं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सील करायच्या. यात चुकलं तर नोकरीवर येतं. म्हणून कुणी हसत नाही, कुणी गप्पा मारत नाही.

त्यातल्या एका निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होते. दुपारी एक आजोबा आले. धोतर, कोट, कानात यंत्र. नोंदवहीत सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि तिथंच थांबले. "मला मत द्यायचं नाही."

"नोटा आहे आजोबा, शेवटचं बटण."

"ते दाबायलासुद्धा मला आत जायचं नाही. माझं मत नाही, असं लिहून घ्या."

तशी सोय कायद्यात आहे. नियम ४९-ओ. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे शेरा मारायचा आणि त्याखाली त्यांची सही घ्यायची. मी पुस्तिका काढून पान शोधलं. तोवर रांग तुंबली. एका पक्षाचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या ना म्हाताऱ्याला." दुसऱ्याला संशय, की हे एक मत कुणाच्या तरी खात्यात जाईल. तिसरा आजोबांनाच समजावायला लागला, त्याला मी बाहेर काढायची तंबी दिली. आजोबांनी शेरा वाचला, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि ठसठशीत सही ठोकली. संध्याकाळी सहानंतर हिशेब करताना नोंदवहीत एक नाव जास्त, यंत्रावर एक मत कमी. तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी त्या शेऱ्यावर वाकून बघत होते. जुळलं. मतांच्या हिशेबाच्या सतरा-सी फॉर्मवर तिघांनी सह्या केल्या, आपापली प्रत घडी घालून खिशात ठेवली, आणि एकाच मोटारसायकलवरून गेले. कुणीतरी हरणार होतं हे तिघांनाही ठाऊक होतं.

लोकशाही पसरते ती या घडी घातलेल्या कागदांनी, असं माझं मत बनत गेलं आहे. सामान्य माणूस मत द्यायला कुठेही तयार असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचं उदाहरण घ्या. तिथे इंग्रजांच्या काळापासून मत म्हणजे काचेची गोटी. प्रत्येक उमेदवाराचं वेगळं पिंप, त्यावर त्याचा फोटो आणि पक्षाचा रंग. वरच्या नळीतून गोटी सोडायची, आत ती घंटीवर पडते आणि टण्ण वाजते. दोनदा वाजली की बाहेरच्या अधिकाऱ्याला कळतं, कुणीतरी लबाडी करतंय. हाच आवाज सायकलच्या घंटीचा, म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी. आमच्या लहानपणच्या पुण्यात हे केलं असतं तर मतदारच पोहोचले नसते. असो. २०१६ साली याच गोट्यांनी तिथले अध्यक्ष याह्या जामे हरले. १९९४ ला बंड करून आलेले, बावीस वर्षं बसलेले. आधी त्यांनी टीव्हीवर पराभव मान्य केला, विजयी उमेदवाराला फोनही केला. आठवडाभरात फिरले. शेवटी शेजारच्या देशांनी सैन्य सीमेवर आणलं तेव्हा, २०१७ च्या जानेवारीत, ते देश सोडून गेले. मतदार तयार होता, गोटी तयार होती, घंटी वाजली होती. तयार नव्हता तो एक माणूस.

आपल्याकडे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पहिल्याच निवडणुकीत हरले. डॉ. आंबेडकर, १९५२, मुंबई. त्यांची निकालाबद्दल तक्रार होती, ती त्यांनी कायद्याच्या मार्गानं मांडली. आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला ते पुण्यात आले, पूना डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत वकिलांपुढे बोलले. विषय, लोकशाही नीट चालायची तर आधी काय काय असावं लागतं. लोकांच्या आर्थिक-सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्त न सांडता घडवते ती लोकशाही, अशी त्यांची व्याख्या. मग अटी: ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कारभारात सगळ्यांना समान वागणूक हवी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये, घटनेची नीती पाळायला हवी, आणि दुसऱ्यावरचा अन्याय पाहून पेटणारी लोकांची विवेकबुद्धी हवी. यात साक्षरतेची अट नाही, उत्पन्नाची नाही. अटी आहेत त्या बहुतेक वरच्यांसाठी आहेत, ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्यासाठी. शिवाजीनगर कोर्टावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे भाषण इथं झालं हे ठाऊक असेल?

लोकशाही इंग्रजांनी दिली, असं आपण पटकन म्हणून जातो. दिली थोडी, पण मागितली कुणी? १८७० च्या एप्रिलात पुण्यात सार्वजनिक सभा ही संस्था निघाली ती पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दलच्या तक्रारींतून. गणेश वासुदेव जोशींनी नियम घातला की सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणा. उगीच पुढारी म्हणून मिरवायचं नाही. सुमारे ६,००० लोकांच्या सह्यांवर ९५ सभासद उभे राहिले. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा; हे त्याआधी बारा वर्षं. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत होते तेही सरकारनं नेमलेले. तरी व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा हा पैसा शिक्षणावर घाला म्हणत विरोधी मत दिलं ते त्यांनीच, एकट्यानं. नेमलेल्या माणसानं नेमणाऱ्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं, याला कुठल्या प्रकारची निवडणूक म्हणायची?

आता कट्ट्यावरच्या गृहस्थांची बाजूही मांडायला हवी, कारण ती खोटी नाही. ट्युनिशियानं २०११ मध्ये हुकूमशहा घालवला, चांगली घटना लिहिली, निवडणुका घेतल्या; अरब जगातला तेवढा एकच देश तगला म्हणून सगळे कौतुक करत होते. २०२१ च्या जुलैत अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली. आणि लोकांनी रात्री रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवले, जल्लोष केला. रोजगार नव्हता, करोनात दवाखाने कोलमडले होते, संसदेत रोज हमरीतुमरी. कंटाळले होते लोक. पुढे विरोधक एकेक करून तुरुंगात गेले. लोकशाही दर वेळी रणगाड्याखालीच जाते असं नाही. ती लोकांच्या कंटाळ्यातही जाते, आणि तेव्हा टाळ्या आपल्याच असतात.

हा कंटाळा मी पुण्यात पाहिला. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, यांत निवडणूक लांबत गेली ती थेट १५ जानेवारी २०२६ पर्यंत. जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक. अंदाजपत्रक मांडायचे तेच आणि मंजूर करायचेही तेच, वर्षाला हजारो कोटींचं. मोर्चे निघाले? फार नाही. उलट सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरले, की बरं आहे, फ्लेक्स कमी झाले, कामं तर होताहेत. पाच वर्षं लष्कराकडे द्या म्हणणाऱ्यांना चार वर्षं प्रशासकाची मिळाली, आणि खड्डे होते तिथंच राहिले.

माझी नणंद नांदेडला राहते. सिंहगड रस्त्याच्या बाजूचं नांदेड गाव. २०२१ मध्ये जी तेवीस गावं पालिकेत आली, त्यांतलं हे एक. ग्रामपंचायत बरखास्त झाली, आणि नगरसेवक निवडायची वेळ येण्याआधी पालिकेचीच मुदत संपली. म्हणजे सरपंचही नाही, नगरसेवकही नाही. २०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडायला लागले. हातापायांतली ताकद जाणारा तो आजार, संशय पाण्यावर. नगरसेवक असता तर साथ आली नसती, असं मी म्हणणार नाही, साथीला प्रभाग कळत नाही. पण नणंदेच्या गल्लीतल्या बायका आठवडाभर एकच विचारत होत्या, की विहिरीचं पाणी शेवटचं तपासलं कुणी आणि कधी. सरपंच असते तर त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या असत्या. आता कुणाच्या दारात जाऊन बसायचं? क्षेत्रीय कार्यालयातला साहेब बदलून आलेला, त्याला गल्लीचं नाव ठाऊक नाही. टँकर आला, बाटल्या आल्या, मंत्री येऊन गेले. ज्याला पुन्हा त्याच गल्लीत मत मागायला यायचंय असं मात्र त्यांच्यात कुणी नव्हतं.

खार्तूमचा तो मुलगा युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्याकडेच होता. घरचे कधी सुदानमधल्याच वाद मदनी या शहरात, कधी इजिप्तच्या वाटेवर. फोन लागला की तो जिन्यात उभा राहून बोलायचा. एकदा त्यानं मला एक व्हिडिओ दाखवला. गल्लीच्या तोंडाशी विटांची चूल, भलंमोठं पातेलं, त्यात मसुराच्या आमटीसारखं काहीतरी उकळतंय, आणि पोरं वहीत नावं लिहून डबे भरताहेत. ही पोरं २०१९ ला वस्त्यावस्त्यांतल्या प्रतिकार समित्यांमध्ये होती. सरकार उरलं नाही, तेव्हा त्याच ओळखींतून मदतीच्या खोल्या उभ्या राहिल्या. अन्न, औषधं, लोकांना बाहेर काढणं, सगळं तेच बघतात. त्यातल्या कित्येकांना दोन्ही बाजूंनी पकडलं, मारलं. "वहीत काय लिहितात?" मी विचारलं. तो म्हणाला, पीठ किती आलं, कुणाकडून, कुणाला गेलं. रात्री सगळ्यांसमोर वाचतात. एका डब्याचा हिशेब लागला नाही की भांडण होतं.

जानेवारीत आम्ही अखेर महापालिकेला मत दिलं. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून चार बटणं. माझ्यामागचे एक गृहस्थ एकच दाबून निघाले होते, त्यांना अधिकाऱ्यांनी परत बोलावलं. निम्म्या जागा बायकांच्या. प्रचाराच्या फ्लेक्सवर कुठे ताईंच्या फोटोपेक्षा भाऊंचा मोठा. सेन यांनी बघितला असता तर पुन्हा यादी मागवली असती.

आता मी एका गोष्टीच्या मागे आहे. महानगरपालिकांच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. ग्रामसभेसारखी, नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांची बोलवायची. आमच्या भागात ती झाल्याचं कुणालाच आठवत नाही. निकालानंतर मी चौघांनाही फोन लावले. पहिले म्हणाले, दुसऱ्यांना विचारा, ते सिनियर आहेत. दुसरे म्हणाले, चौघांनी मिळून ठरवावं लागेल. तिसऱ्यांचा फोन बिझी. चौथ्या ताई, फोन त्यांच्या मिस्टरांनी उचलला. "ताईंना विचारून सांगतो," म्हणाले. मी म्हटलं, विचारायचंच आहे तर फोन त्यांनाच द्या. दिला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, हे कलम मला व्हॉट्सॲपवर पाठवा. मला कुणी सांगितलंच नव्हतं." पाठवलंय. तारीख ठरली की सोसायटीच्या फळ्यावर लावते, नांदेडच्या बायकांनाही बोलावणार आहे. त्यांचा प्रभाग वेगळा, तेव्हा त्यांना बोलता येणार नाही, पण ऐकायला कुणाची बंदी आहे?